घोडनदीवर धुतलेला पडदा

मित्रांनो, शिरूरच्या रासाई टॉकीजमध्ये एका भिंतीवर वर्षानुवर्षं ताणून बसवलेला होता, तो जुना पडदा मी. माझ्यावर लोकांनी लग्नं पाहिली, मारामाऱ्या पाहिल्या, बर्फाचे डोंगर पाहिले. मला मात्र फारसं कुणी पाहिलं नाही. त्यात त्यांचा काही दोष नाही. नुसता पडदा दिसायला लागला की माणसं चपला शोधू लागतात.

मी मात्र त्यांना पाहत होतो. यंत्राचा उजेड माझ्यावर पडायचा आणि माझ्यावरून परत लोकांच्या तोंडावर जायचा. त्या उजेडात मला सगळं दिसायचं. कोण रडतंय, कोण रडू आल्यावर नाक शिंकरल्याचं सोंग करतंय, कोण शेंगदाण्याची पुडी एकटाच संपवतोय. म्हणून माझी गोष्ट सांगताना मी सिनेमांची गोष्ट सांगणार नाही. ते सगळे पुसून गेले. माणसं लक्षात राहिली.

माझा जन्म दौंडचा. रेल्वेच्या मालधक्क्याजवळ खंडूमामांचं ताडपत्र्या शिवायचं दुकान होतं. एक्याण्णव सालच्या उन्हाळ्यात तिथं जीपमधून एक फेटेवाले गृहस्थ उतरले. वडगाव रासाईचे बागायतदार हौसराव. भीमेकाठी त्यांचा ऊस होता, सोसायटीत वजन होतं, आणि सिनेमाचं वेड त्याहून मोठं होतं. शिरूरला बाजाराजवळ त्यांनी टॉकीज बांधायला काढलं होतं आणि त्याला गावच्या देवीचं नाव द्यायचं ठरवलं होतं.

"खंडू, पडदा शिवायचाय," ते म्हणाले. "शिवण दिसता कामा नये बघ."

खंडूमामांनी कापड अंगठ्याखाली चोळून पाहिलं. "आप्पा, येवढा पन्हा कुठल्याच कापडाला नसतो. जोड द्यावाच लागंल. हिरोच्या गालावर येणार न्हाई, येवढं बघतो."

त्यांनी जोड डाव्या अंगाला घेतला. उरलेल्या ताग्यातून दौंडच्या टॉकीजसाठी आणखी एक पडदा शिवला. म्हणजे तो माझा सख्खा भाऊच. खंडूमामांनी शब्द पाळला, नायकाच्या गालावर शिवण आली नाही. पण सिनेमातला खलनायक बहुतेक वेळा डावीकडच्या दारातून यायचा, त्यामुळे शिरूरची पोरं कित्येक वर्षं समजत होती की त्याच्या तोंडावर कुऱ्हाडीचा वार आहे.

पांढरा रंग देऊन, चारी बाजूंनी दोऱ्या ओवून मला भिंतीवर ताणलं आणि रासाई टॉकीजचं उद्घाटन झालं. हौसराव आप्पा माझ्यापुढं उभं राहून भाषण करू लागले. आधी गावाबद्दल बोलले, मग सोसायटीबद्दल, मग पाटाच्या पाण्याबद्दल. वर यंत्राच्या खोलीत बन्सी नावाचा ऑपरेटर होता. त्याचा धीर सुटला आणि त्यानं सिनेमा सुरू केला. आप्पांच्या फेट्यावर अचानक एक आगगाडी धावू लागली. लोक हसले, शिट्ट्या वाजल्या. आप्पांनी मागं वळून माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःही हसले आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले. पाटाच्या पाण्याचं भाषण तिथंच राहिलं.

मित्रांनो, पहिली चार-पाच वर्षं म्हणजे माझी ऐन उमेदीची. शिरूरला जुनी माणसं अजूनही घोडनदी म्हणतात. घोडनदीच्या बाजाराला आलेला माणूस बाजार आवरून टॉकीजला गेला नाही, तर घरी पोरं फुरंगटून बसायची. दौंडचं आणि आमचं टॉकीज मिळून एक व्यवस्था होती. सिनेमाची रिळं पत्र्याच्या पेटीतून येत. पेटी पुण्याहून आधी रेल्वेनं दौंडला जायची. तिथं रेल्वेची माणसं आठवडाभर तो सिनेमा बघायची, मग ती पेटी एसटीच्या टपावरून चौफुला, न्हावरा करत शिरूरला यायची. पेटी उतरली की बन्सी आधी दौंडहून आलेल्या कंडक्टरला विचारायचा, "तिकडं कसा चालला?" कंडक्टर तोंड वाकडं करायचा किंवा बोटं चाटून दाखवायचा. तेवढ्यावर आमचा आठवडा ठरायचा.

एकदा देवीचा सिनेमा लागला, तेव्हा खेड्यापाड्यांतून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून बायका आल्या. देवी प्रकट झाली आणि पुढच्या रांगेतल्या बायका उठून माझ्याकडे आल्या. कुणी हळद लावली, कुणी कुंकू. एकीनं नारळ फोडला, त्याचं पाणी माझ्या खालच्या काठावर उडालं. मी कापड आहे हे मला ठाऊक होतं, पण त्या आठवड्यात मला जरा अंगात आल्यासारखं झालं होतं, हे कबूल करतो.

मग वारं फिरलं. घरोघर केबल आली. हौसराव आप्पांचं मन टॉकीजवरून उडालं आणि राजकारणात गुंतलं. ते पंचायत समितीच्या निवडणुकीला उभे राहिले, पडले, पुन्हा उभे राहिले. इकडे छपराच्या पत्र्याखाली पारव्यांनी घरं केली. माझ्या अंगावर पानाच्या पिचकाऱ्या उडाल्या, कोपऱ्यात उंदरांनी दात लावले, रंग पिवळा पडत गेला. दुपारी असले सिनेमे लागू लागले की बाहेरची पाटी वाचूनच बायका रस्ता ओलांडायच्या. घरंदाज माणसं यायची बंद झाली. रिकाम्या खुर्च्यांकडं बघत राहणं किती कठीण असतं, हे मला तेव्हा कळलं.

टॉकीजचं गोदाम करावं असं आप्पांच्या मनात घोळू लागलं होतं. अशात गेणबा आला.

गेणबा मेंढपाळ. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणाच्या अंगाला जायचा, पावसाच्या तोंडाशी परत यायचा. परत आला की आप्पांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची, हा वर्षानुवर्षांचा रिवाज. आणि तेवढ्या मुक्कामात तो खांद्यावर घोंगडी टाकून टॉकीजला हटकून यायचा. आता मात्र चराऊ रानांवर कारखान्यांची कुंपणं पडत होती. गेणबानं सगळी मेंढरं विकली आणि टॉकीज चालवायला मागितलं. हे बोलणं माझ्यासमोरच झालं, रिकाम्या थेटरात, पहिल्या रांगेत बसून.

"गेणबा, मेंढरं विकून टॉकीज घेतोस?" आप्पा म्हणाले. "लोक येड्यात काढतील तुला."

"काढू द्या की आप्पा. निस्ता मेंढरामागं हिंडत हुतो तवा कुठं शाणा म्हनत हुते?"

"आरं, पण माणसं कुठनं आणणार आतमंदी? सगळी घरात टीव्हीपुढं बसल्यात."

गेणबानं खांद्यावरची घोंगडी काढून मांडीवर घेतली. "कळप आत घालायचा म्हंजी समद्यांना हाकलून चालत न्हाई, आप्पा. एक म्होरकी शिरली पायजे. ती शिरली की बाकीची आपसूक मागनं येत्यात. म्होरकी कोण, येवढं हुडकायचं."

त्याला म्होरकी शोधायला लांब जावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी तो बायकोला घेऊन आला. कुशाबाई उंच, काटक, डोईवर पदर घट्ट खोचलेली. तिनं थेटरभर चक्कर मारली, खुर्च्यांवरून बोट फिरवलं, आणि शेवटी माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"बन्सीभाऊ, ह्याला कवा धुतलंय का?"

"पडदा धूत नसत्यात वहिनी. वरनं रंग मारत्यात."

"आन् आतला मळ?"

कुशाबाईनं माझा एक कोपरा रिठ्याच्या पाण्यात बुडवून घासून पाहिला. लोकर धुणारे हात ते. मग तिनं गेणबाला शिडी लावायला सांगितली.

मित्रांनो, जन्मल्यापासून पहिल्यांदाच मी भिंतीवरून खाली उतरलो. बैलगाडीत घालून मला घोडनदीवर नेलं. गुडघाभर पाण्यात उभं राहून कुशाबाई, गेणबा, बन्सी आणि नदीवर धुणं धुवायला आलेल्या आणखी सात-आठ बायका, सगळ्यांनी मिळून मला खडकावर घासलं. पानाच्या पिचकाऱ्या, पारव्यांची घाण, जुना रंग, सगळं पाण्याबरोबर वाहून गेलं. मग मला वाळूवर पसरलं. नगर रस्त्याच्या पुलावरून जाणाऱ्या एसट्यांतून माणसं वाकून वाकून बघत होती. एका ड्रायव्हरनं गाडी हळू करून विचारलं, "कुणाचं धुणं म्हणायचं हे?"

"रासाई टॉकीजचं," कुशाबाई खालून ओरडली. "मंगळवारपासनं दुपारचा खेळ फकस्त बायांचा. घरी सांगा."

पुलावरच्या त्या एसटीनं आमची जेवढी जाहिरात केली, तेवढी रिक्षावरच्या कर्ण्यानं कधी केली नाही. बन्सीनं मला नवा रंग दिला, त्यात थोडी नीळ मिसळली. मंगळवारी पहिल्यांदा वीसेक बायका आल्या. पुढच्या मंगळवारी पन्नास. बायका येऊ लागल्या म्हणून संध्याकाळच्या खेळाला घरंच्या घरं येऊ लागली. कुशाबाईनं दारात उभं राहून पान खाणाऱ्यांच्या तोंडाकडं असं काही बघायला सुरुवात केली, की माणसं आत येण्यापूर्वी आपणहून थुंकून यायची. दुपारचे ते तसले सिनेमे तिनं पेटीसकट परत पाठवले. एकदा तर त्या आठवड्यात दाखवायला काहीच उरलं नाही आणि टॉकीज बंद ठेवावं लागलं. गेणबा चिंतेनं येरझाऱ्या घालत होता. कुशाबाईनं त्या आठवड्यात खुर्च्या दुरुस्त करून घेतल्या.

आता एका मंगळवारची गोष्ट सांगतो.

सिनेमा एका सुनेचा होता. नवऱ्यानं आणि सासूनं तिला तान्ह्या लेकरासह घराबाहेर काढलेलं, ती हाल सोसत लेकराला वाढवते, आणि शेवटी नवऱ्याला पश्चात्ताप होतो. थेटर गच्च भरलं होतं. शिक्रापूर, न्हावरा, कुठून कुठून बायका आल्या होत्या. दुसऱ्या रांगेत साखरबाई बसली होती. ती बाजारात भाजी विकायची. तिलाही नवऱ्यानं टाकलेलं, भावाच्या पडवीत राहायची. सिनेमाभर ती पदर तोंडाशी धरून बसली होती, आणि माझ्यावरचा सगळा उजेड तिच्या ओल्या गालांवर पडत होता.

सून परत दारात येऊन उभी राहते, आणि नेमकी वीज गेली.

अंधार. पंखे थांबले, लेकरं रडायला लागली. बन्सीनं मागची दारं उघडली, दुपारचं ऊन आत आलं. वीज कधी येईल याचा नेम नव्हता. बायकांना लांब जायचं होतं, शेवटच्या गाड्या, धारा काढायच्या, पोरांच्या शाळा सुटायच्या. कुजबुज वाढली. मागून कुणीतरी म्हणालं, "आर्धाच दावला. फशीवलं आपल्याला." दारात गेणबाचा चेहरा पडला. एवढ्या बायका अशा नाराज होऊन घरी गेल्या असत्या, तर पुढच्या मंगळवारी त्यातली एकही आली नसती. आणि बायका गेल्या की मागून सगळेच गेले असते. विकलेली मेंढरं काही परत येणार नव्हती.

तेव्हा कुशाबाई दारातून चालत आली आणि माझ्यापुढं उभी राहिली. माझ्यापुढं भाषणं देणारे खूप पाहिले होते मी, पण तिनं भाषण केलं नाही. तिनं पदर सारखा केला.

"बसा बायांनो," ती म्हणाली. "म्या ह्यो सिनेमा तीनदा बघितलाय. ऱ्हायल्यालं म्या सांगते."

बायका बसल्या. कुशाबाई सांगू लागली. सून उंबऱ्याबाहेर कशी उभी आहे, तिच्या लुगड्याला किती ठिगळं आहेत, आतून सासू कशी लंगडत येते. सिनेमात नसलेलंही तिनं त्यात घातलं. सासूच्या गुडघ्याचं दुखणं कुशाबाईचं स्वतःचं होतं.

"नवरा म्हंतो, माझं चुकलं, आत ये. सासू म्हंती, आत ये. लेकरू तिच्या तोंडाकडं बघतंय. मंग ती..."

इथं कुशाबाई थांबली. मला पुढचं माहीत होतं, मी तर तो सिनेमा अंगावर घेतला होता. सून आत येते, नवऱ्याच्या पायांवर डोकं ठेवते आणि तिथंच प्राण सोडते. कुशाबाईची नजर दुसऱ्या रांगेत गेली. साखरबाई पुढं वाकून, हातातला पदर पिळत, तिच्याकडं बघत होती.

"मंग ती म्हंती," कुशाबाई सावकाश म्हणाली, "म्या आत येत न्हाई. मला काम हाय. आन् ती समोरच्याच जागंत पिठाची गिरणी टाकती."

मागच्या बायका पुढं सरकल्या.

"गावात दुसरी गिरणी न्हाई. दुसऱ्या दिशी सकाळी बघत्यात तर रांगंत कोण? नवरा. हातात जवारीचा डबा. त्यो म्हंतो, अगं, म्या हाय. ती म्हंती, व्हय, दिसतंय की. नंबर लावा."

हसू आधी साखरबाईला आलं. ते इतकं मोठं होतं की शेजारची बाई दचकली. मग सगळं थेटर हसायला लागलं. बायका एकमेकींच्या पाठीवर थापा मारत होत्या. मागून एका म्हातारीनं विचारलं, "आन् पीठ कसं दळलं गं त्याचं? जाडं का बारीक?"

"बारीक दळलं की, आत्या. कामात कशापायी कुचराई करायची? पर डबा त्याचा त्यालाच उचलाया लावला."

तेवढ्यात वीज आली. पंखे फिरू लागले, वरच्या झरोक्यातून बन्सीचं डोकं दिसलं. तो शेवटचं रीळ लावायच्या तयारीत होता. साखरबाई उभी राहिली. त्या टॉकीजमध्ये तिचा मोठा आवाज कुणी याआधी ऐकला नसेल.

"बन्सीभाऊ, ऱ्हाऊ द्या. झाला आमचा सिनेमा."

बायका उठल्या आणि हसत हसत बाहेर पडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्च्या झाडताना गेणबानं कुशाबाईला विचारलं, "ती गिरणी कुठनं आणलीस तू?"

"म्हाईत न्हाई. ती बाई पुढ्यात बसल्याली. तिच्यासमोर सुनेला मारायचं कसं?"

पुढं त्या सिनेमावरून शिरूरच्या चहाच्या गाड्यांवर भांडणं झाली. ज्यांनी संध्याकाळचा खेळ बघितला ते म्हणायचे बाई मेली, ज्यांच्या बायका मंगळवारी गेल्या होत्या ते म्हणायचे गिरणी टाकली. खरं काय ते बघायला लोक पुन्हा पुन्हा आले. सिनेमा तीन आठवडे चालला. त्यानंतर वीज गेली तरी मंगळवारी कुणी उठायचं नाही. उलट एखादा शेवट रडका असेल तर मागून आवाज यायचा, "कुशाबाई, जरा वीज घालवा की." साखरबाई पुढं दुपारच्या खेळाला दारात तिकिटं फाडायला उभी राहू लागली. भाजीची टोपली ती तिकीटखिडकीच्या सावलीत ठेवायची आणि इंटरव्हलला बायकांना मेथी विकायची.

अशी आणखी काही वर्षं चांगली गेली. मग एके दिवशी दौंडहून पेटीच आली नाही. गेणबा स्वतः दौंडला गेला. परत आला तो रिकाम्या हातानं. बन्सीनं खोदून विचारल्यावर म्हणाला, "टॉकीज बंद झालं. खुर्च्या भंगारात घातल्या. पडदा फाडून कांद्याच्या ढिगावर टाकलाय."

माझा भाऊ. त्या दिवशी बन्सीनं मागच्याच आठवड्याचा सिनेमा लावला, तो मी कसा दाखवला, माझं मला माहीत.

दौंड गेल्यावर एकट्या शिरूरसाठी पेटी मागवणं जड जाऊ लागलं. सिनेमा पुण्यात लागून महिना व्हायच्या आत त्याच्या सीड्या बाजारात मिळायला लागल्या. पोरं मोटारसायकलींवर पुण्याच्या चकचकीत थेटरांत जाऊ लागली. दोन हजार पाच साली आप्पांचा मुलगा पृथ्वीराज येऊन गेणबाजवळ बसला.

"मामा, तुमच्यावर काही राग नाही," तो म्हणाला. "तुम्ही होता म्हणून एवढं चाललं. पण मी इथं मंगल कार्यालय करतोय."

गेणबानं मान हलवली. "कर बाबा. लगीन तर लगीन. माणसं नटूनथटून यायची, त्येच बरं."

शेवटचा खेळ सगळ्यांना फुकट होता. बसायला जागा नव्हती, माणसं भिंतींना टेकून उभी होती. म्हाताऱ्या हौसराव आप्पांना खुर्चीसकट उचलून आणलं होतं. ते पहिल्या रांगेत बसले आणि त्यांनी भाषण केलं नाही. खेळ संपल्यावर लोक लगेच गेले नाहीत. एकेक जण पुढं येऊन मला हात लावून जात होता. काही जणांना मी कापडाचा आहे हे तेव्हाच कळलं असावं. एक जण म्हणाला, "मला वाटायचं भिंतच हाय."

दुसऱ्या दिवशी कांद्याचा एक व्यापारी आला. मला बघून म्हणाला, कापड जाड आहे, कांदा झाकायला उपयोगी पडेल. मला दौंडचा भाऊ आठवला. पृथ्वीराजचं "न्या" म्हणून होतंय तोवर कुशाबाई शिडीवर चढून दोऱ्या सोडायला लागली होती.

"आहो वहिनी, मी घेतोय ते," व्यापारी म्हणाला.

"कसं घेता? ते म्या धुतलंय," कुशाबाई वरूनच म्हणाली.

व्यापाऱ्याला हा हिशोब कळला नाही. पृथ्वीराजला कळला. तो हसला आणि त्यानं शिडी धरली.

मित्रांनो, त्यानंतरची तीन वर्षं मी एका लोखंडी पेटीत काढली. कुशाबाईच्या मनात काही वाईट नव्हतं. तिनं मला जपायचं म्हणूनच घडी घातली, कडुनिंबाचा पाला टाकला आणि पेटी लावून घेतली. पण घडी वाईट असते. एकाच जागी दुमडून राहिलं की कापड नेमकं तिथंच विरतं. मला तीन ठिकाणी भेगा पडल्या. आयुष्यभर लोकांनी माझ्यावर शिट्ट्या मारल्या, नाणी फेकली, त्यानं मला काही झालं नाही. नुसतं पडून राहिल्यानं झालं.

मला बाहेर काढलं ते मल्हारनं. गेणबाचा हा मुलगा शिक्रापूरला एका कंपनीत कामाला आहे आणि तिथंच खोली करून राहतो. एके दिवशी घरी येऊन म्हणाला, "आई, पडदा दे. आमच्या खोल्यांवर बिहारची हायत, यूपीची हायत, लातूरकडची हायत. रविवारी सुट्टी आसती आन् समदी दारात बसून भिंतीकडं बघत्यात. लग्नाची शूटिंग करणारा एक दोस्त हाय माझा, त्याच्याकडं छोटा प्रोजेक्टर हाय."

"भिंतीकडं बघत्यात तर भितीवरच दाव की," गेणबा म्हणाला.

"भितीला रंग न्हाई, आबा."

कुशाबाईनं माझ्या भेगा मागून कापड लावून शिवल्या. घोंगडी शिवायचा टाका घातला. आता माझ्या अंगावर शिवणी चार झाल्या. खंडूमामांनी पाहिलं असतं तर कपाळाला हात लावला असता. पण मला त्या शिवणींचं काही वाटत नाही.

गेल्या वर्षापासून मी शिक्रापूरला आहे. दोन चाळींच्या मधल्या मोकळ्या जागेत, पाण्याच्या टाकीला एक दोरी आणि विजेच्या खांबाला दुसरी. मागून ट्रकांचे हॉर्न ऐकू येतात. दर रविवारी कुशाबाई आणि गेणबाही एसटीनं येतात. मागच्या रविवारी एक नवी नवरी नवऱ्याच्या मागं लपत आली. बिहारहून येऊन तिला महिना झाला होता, नवरा पाळीवर गेला की दार लावून आत बसायची. बसायला जागा नव्हती. कुशाबाईनं चटईवर हात आपटला. "इधर बस, बाई. ये जगा तेरीच है."

तिला हिंदी तेवढीच येते, तरी ती सिनेमाभर त्या पोरीला काहीबाही सांगत होती. पोरीला त्यातलं किती कळलं कोण जाणे. इंटरव्हलला तिनं कुशाबाईला विचारलं, "अम्मा, अगले इतवार भी है क्या?" कुशाबाई म्हणाली, "है ना. येना."

मित्रांनो, तुमच्या गावात एखादं बंद पडलेलं टॉकीज असेल. त्याच्या दाराला कुलूप असेल, आत पारवे असतील. कुणी ओळखीचं असेल तर किल्ली मागा आणि एकदा आत जाऊन या. घरात आजोबांचा ताशा असेल, आजीचा पितळी खलबत्ता असेल, काकाचा रेडिओ असेल, ते जपायचं म्हणून माळ्यावर बांधून ठेवू नका. खाली काढा. पुसा, वाजवा, वापरा. मोडलं तर दुरुस्त करा, फाटलं तर टाका घाला. वस्तूला टाक्याची लाज वाटत नाही, एवढं माझ्या अनुभवावरून खात्रीनं सांगतो.

आता थांबायला हवं. आज रविवार आहे. ऊन टाकीच्या पलीकडं उतरलंय, खाली चटया अंथरायला सुरुवात झालीये. मल्हार खांबावर चढून दोरी ओढतोय आणि गेणबा खालून सांगतोय, "डावीकडनं जरा वर घे." ती नवी पोरगी आज सगळ्यांच्या आधी आली आहे, दोन शेजारणींना बरोबर घेऊन, आणि त्यांना कुठं बसायचं ते हातानं दाखवते आहे.